सोळा भाग आणि एक कवळी

दुसऱ्याचं लग्न जमताना बघत बसण्याची आवड सांगलीच्या पाण्यातच आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक केलं ते याच गावात, आणि केलं तेही काय, तर ‘सीतास्वयंवर’. पुढं इथून चालत जाता येईल इतक्या जवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘संशयकल्लोळ’ लिहिलं. त्याचं मूळ फ्रान्सात मोलिएरकडं. तिथून मर्फी नावाच्या गृहस्थानं ते इंग्लंडात नेलं आणि देवलांनी ते कृष्णाकाठी आणून पुढं त्याला पदं चढवली. १९१६ साली ते संगीत होऊन रंगभूमीवर आलं. आज फाल्गुनराव हा मूळचा परदेशी माणूस आहे असं कोणी सांगितलं, तर सांगलीकर सांगणाऱ्याकडंच संशयानं बघेल. तेव्हा आमच्या कन्येनं ‘बाबा, कोरियन मालिका बघू या’ म्हटलं, तेव्हा नाट्यपंढरीचा नागरिक या नात्यानं मी ताबडतोब हो म्हणेन अशी तिची कल्पना असावी. मी नको म्हणालो. बँकेतला माणूस कोणत्याही अर्जाला पहिल्या खेपेला नकोच म्हणतो. अर्जदार खरोखर गरजू असेल तर पुन्हा येतो.

अर्जदार त्याच रात्री पुन्हा आला.

पहिली मालिका होती २०१८ सालची, एका सेक्रेटरीची. ही बाई नऊ वर्षं इमानेइतबारे नोकरी करते आणि एक दिवस साहेबाला सांगते, मी राजीनामा देते. साहेब हादरतो. त्याची झोप उडते. आणि मग तो तिच्या प्रेमात पडतो. मी बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो त्याला बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात राजीनामे बरेच पाहिले. एका कारकुनानं दिला तेव्हा साहेबानं मान वर न करता ‘कपाटाच्या किल्ल्या कुणाकडं दिल्या?’ एवढंच विचारलं होतं. त्यामुळं हा साहेब मला पहिल्यापासूनच बनावट नोटेसारखा वाटला.

नवशिक्याला आणखी एक अडचण येते ती नावांची. ‘हा कोण?’ म्हटलं की किम. ‘आणि तो दारातला?’ तोही किम. कोरियात दर पाच माणसांत एक किम असतो म्हणे. मग माझ्या लक्षात आलं, की सांगली जिल्ह्यात राहून किमांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आमच्या शाखेत ‘पाटील’ अशी हाक मारली तर निम्मी रांग काउंटरवर येते.

पण या मालिकांची एक गोष्ट मला धंद्याच्या दृष्टीनं पटली. त्या संपतात. सोळा भाग, प्रत्येकी सव्वा तास, एकूण वीस तास. म्हणजे ही मुदत ठेव झाली. मुदत आधी ठरलेली, आणि मुदतीअखेर बहुधा व्याजासह लग्न. आपल्याकडच्या मालिका म्हणजे बचत खातं. मूळ खातेदार कधीच गेलेला असतो, वारस भांडत असतात आणि खातं बंद करायला कोणीच येत नाही.

माझं हे शिक्षण चालू असतानाच साताऱ्याहून आई आली.

आई शहात्तर वर्षांची आहे आणि साताऱ्याला मोती चौकामागच्या घरात एकटी राहते. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन चार वर्षं झाली. आमच्याकडं ये म्हटलं की ती म्हणते, ‘सांगलीला काय आहे? पूर.’ २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तो आकडा तिला माझ्या जन्मतारखेपेक्षा पाठ आहे. तरीही ती ऐन जुलैत आली, कारण दाढ. मिरजेच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, उरलेले सातही दात काढावे लागतील, हिरड्या भरून यायला सहा आठवडे, मग माप घेऊन कवळी. सातही दात आईनं निमूटपणे काढू दिले. ‘कवळी’ म्हटल्यावर मात्र तिनं मोकळं तोंड घट्ट मिटलं.

‘किती वर्षं राहिलीत? भाकरी दुधात कुस्करून खाईन. शनिवारच्या एसटीत बसवून दे.’

हिरड्या दर आठवड्याला दाखवाव्या लागतात, असं मी तिला सांगितलं. डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी बोलावलं होतं. पण चक्रवाढ व्याजाची सवय असलेला माणूस मुदतीचा हिशेब आपल्या सोयीनं करतो.

घरात टी.व्ही. एक आणि पार्ट्या दोन. आजी आणि नात. शेवटी कन्येनंच तोड काढली. ‘आजी, माझ्या मालिकेत दातांची डॉक्टर आहे.’ आईला वाटलं फुकट सल्ला मिळेल, म्हणून ती खुर्ची पुढं घेऊन बसली. ‘होमटाउन चा-चा-चा’ असं तिचं नाव. २०२१ ची मालिका. ह्ये-जिन नावाची एक डॉक्टरीण राजधानीतली नोकरी सोडून गोंगजिन नावाच्या समुद्राकाठच्या खेड्यात दवाखाना टाकते. खेडं काल्पनिक आहे, चित्रीकरण पोहांगच्या बाजूला झालेलं. तिथं तिला दू-शिक भेटतो. हा गडी नळ दुरुस्त करतो, घरं दाखवतो, कॉफी करतो, मासे उतरवतो आणि सगळ्याचा दर तासाला ८,७२० वॉन घेतो. तो त्या वर्षीचा तिथला सरकारी किमान वेतनाचा दर. मी लगेच हिशेब केला, आपले साडेपाचशे रुपये होतात. आई म्हणाली, ‘नळवाल्याला एवढे?’ पण तो येतो तरी, असं सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली. आमचा नळ तेव्हा तीन आठवडे गळत होता.

पहिल्याच भागात मला नायिकेबद्दल जिव्हाळा वाटायला लागला. ती बिचारी दुकानात कॉफी पिते, कार्ड पुढं करते आणि कार्ड चालत नाही. एटीएम बंद. का, तर लिंक गेलेली! मी खुर्चीत ताठ झालो. लिंक गेल्यावर काउंटरपलीकडच्या माणसाचा चेहरा कसा होतो हे मी बावीस वर्षं अलीकडून बघत आलोय. त्या बाईनं अगदी हुबेहूब केलं. आमची गिऱ्हाइकं अशा वेळी मला बोलून घेतात. तिला मात्र कॉफीचे पैसे फेडायला समुद्रावर बसून म्हाकूळ साफ करावं लागतं.

इथंच माझी खरी परीक्षा सुरू झाली. संवाद कोरियन, खाली पट्ट्या इंग्रजी, आईला दोन्ही नाहीत. कन्या म्हणाली, ‘बाबा, तुम्ही आजीला सांगा.’ मी हरदासासारखा मांडी घालून आईच्या शेजारी बसलो. पहिलीच अडचण म्हाकूळ. आमच्या घरात मासळी नाही. ‘ती काय साफ करतेय?’ असं आईनं विचारल्यावर मी ‘भाजी’ म्हणालो. समुद्राकाठी ढीगभर पांढरी भाजी निवडत बसलेली डॉक्टरीण आईनं पाच मिनिटं पाहिली आणि ‘पडवळ दिसतंय,’ म्हणाली. पुढं सोळाही भाग गोंगजिनमध्ये पडवळाचंच पीक निघालं.

खरी गोची झाली ती ‘यू’ या शब्दानं. इंग्रजाला सगळे ‘यू’. साहेबही यू, शिपाईही यू, बायकोही यू. पट्टीवर ‘यू’ आलं की मी काय म्हणायचं? अरे, अहो की तू? चुकीचं बोललं तर अख्खी गोष्ट बदलते. कन्येनं सांगितलं, की कोरियन भाषेत आपल्यासारखंच आहे. वडीलधाऱ्याशी बोलायची रीत वेगळी, बरोबरीच्याशी वेगळी, क्रियापदाचं शेपूटच बदलतं. आणि हा दू-शिक सगळ्या गावाशी, म्हाताऱ्याकोताऱ्यांशीसुद्धा, अरे-तुरेनंच बोलतो. ह्ये-जिनला आधी राग येतो तो त्याचाच.

‘म्हणजे आपल्या साताऱ्याचाच की,’ आई म्हणाली आणि तिथून तिनं त्याला दत्तक घेतलं.

मग काय, दू-शिकला मी अस्सल साताऱ्याचा केला. ‘काय गं डॉक्टरणे, चाललीस कुठं?’ आणि ह्ये-जिन ‘अहो, तुम्ही मला अरे-तुरे का करता?’ असं वाडिया कॉलेजच्या मराठीत विचारायला लागली. हळूहळू तीही तुम्हीवरून तूवर येते. हे इंग्रजी पट्टीत कुठंच दिसत नाही. कन्या कानांनी टिपायची आणि मला कोपरानं ढोसायची, ‘बाबा, आता तू!’ प्रेमकथेतली एवढी महत्त्वाची नोंद इंग्रज लोक गाळतात आणि मग छत्री, पाऊस असल्या किरकोळ खर्चावर मालिका ओढतात. छत्र्या मात्र भरपूर असतात, हे कबूल करायला हवं. पुष्कळ भाग ताटकळत ठेवल्यावर नायक-नायिकेचं जेव्हा एकदाचं जमतं, तेव्हा पट्ट्याही बंद होतात. मीही गप्प बसलो. दोन मिनिटं झाली, तीन झाली.

‘आता का थांबलास? सांग की,’ आई म्हणाली.

सौ. पाणी आणायला गेली.

गावात गाम-री नावाची एक म्हातारी आहे. तिचं काम करणारी किम यंग-ओक ही नटी १९३७ सालची. हे सांगितल्यावर आई म्हणाली, ‘माझ्याहून मोठी, आणि अजून नोकरी करते?’ गाम-रीचा मुलगा शहरात. तिचे दात दुखतात, नवे बसवायचा खर्च ऐकून ती म्हणते, नको बाई, नुसते उपटून टाक. ‘बरोबर बोलतेय,’ आई म्हणाली, ‘या वयात पैसे तोंडात घालायचे का?’ त्यावर डॉक्टरीण तिला फैलावर घेते. पट्टीवर तीन-चार वाक्यं होती. मी आठ केली. ‘आजी, स्वतःसाठी खर्च करायला लाजायचं नसतं. तुम्हाला चावता येईना तर मुलाच्या घशाखाली घास कसा उतरेल? आणि पैशाची काळजी कशाला? मुलगा बँकेत आहे, त्याला स्टाफच्या दरानं कर्ज मिळतं.’

कन्येनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की ऑडिटर परवडला.

‘तिचाही मुलगा बँकेत आहे?’ आईनं विचारलं.

‘तसंच काहीतरी,’ मी म्हणालो.

एका भागात ह्ये-जिनचे वडील गावात येतात. ती दारातून हाक मारते, ‘अप्पा!’ आई एकदम पुढं झुकली.

‘अप्पा म्हणाली का ती?’

‘हो आजी,’ कन्या म्हणाली, ‘कोरियनमध्ये वडलांना अप्पाच म्हणतात. लहान मुलंसुद्धा. आणि आईला ऑम्मा.’

आई काही बोलली नाही. आमच्या गल्लीत माझ्या वडलांना सगळेच अप्पा म्हणत. नाव घ्यायचं नाही म्हणून आई मात्र जन्मभर ‘अहो’वर भागवत आली. चार वर्षांत घरात अप्पा ही हाक कुणी मारलेली नव्हती. कुणाला मारणार? आता ती रोज रात्री टी.व्ही.तून यायची आणि दर खेपेला आईचा हात पदराकडं जायचा. आठवडाभरानं ती एवढंच म्हणाली, ‘कोरिया काही फार लांब नसणार.’

या अप्पामागोमाग ओप्पा आला. या मालिकांतल्या मुली प्रियकराला ‘ओप्पा’ म्हणतात, आणि त्याचा खरा अर्थ थोरला भाऊ. आईला हे अजिबात पटलं नाही. ‘मामेभाऊ असला तरी एकदा स्थळ ठरलं की दादा म्हणायचं बंद करतात,’ असा तिनं निकाल दिला. त्यात कन्येनं आणखी भर घातली, की कोरियन लोक भाताला ‘बाप’ म्हणतात आणि ‘जेवलास का?’ हे विचारूनच एकमेकांची खुशाली घेतात. म्हणजे अप्पा म्हणजे बाप आणि बाप म्हणजे भात. आईनं ते शांतपणे ऐकून घेतलं. ‘जेवलास का विचारतात ना? मग भाताला काही का म्हणेनात.’

रोज संध्याकाळी मी बँकेतून आलो, की आईचे दोन प्रश्न ठरलेले असायचे. पुलाला पाणी किती आणि आज भाग कितवा? ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे तिला ठाऊक होतं. पाणी ३० च्या आतबाहेर खेळत होतं. भाग मात्र वाढत चालले होते.

शेवटाकडं कळतं, की दू-शिक पूर्वी शहरात लोकांचे पैसे फंडात गुंतवणारा अधिकारी होता. त्याच्या कचेरीतला पहारेकरी हौसेनं सगळी पुंजी फंडात घालतो, बाजार कोसळतो आणि तो माणूस जीव द्यायला निघतो. वाचतो, पण दू-शिक त्या दिवसापासून नोकरीवर जात नाही. इथं मी पदरचं एक वाक्य घातलं नाही. आमच्या शाखेचा पहारेकरी सातारा जिल्ह्यातला, फौजेतून निवृत्त झालेला. त्यानं थोड्याच दिवसांपूर्वी मला विचारलं होतं, ‘साहेब, सगळे फंडात टाकतायत, मीही टाकू का?’ मी नेहमीप्रमाणं एफ.डी. म्हणालो. माझ्या सल्ल्यानं आजवर कोणी श्रीमंत झालेलं नाही, पण कोणी कोसळलेलंही नाही.

‘तू कुणाला असलं काही सांगत नाहीस ना?’ आईनं अंधारात विचारलं.

‘मी एफ.डी. सांगतो, आई.’

‘मग बरं.’

पंधराव्या भागाच्या आदल्या दिवशी कन्या मला गॅलरीत घेऊन गेली. तिनं मालिका आधी पाहिलेली होती. ‘बाबा, गाम-री आजी जाते. झोपेतच. हा भाग गाळू या का?’ पण सोळांतला पंधरावा हप्ता गाळला तर आईच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही. मग ती म्हणाली, ‘तुम्ही सांगा, ती मुलाकडं राहायला गेली.’ मी रात्रभर वाक्य जुळवलं. ती मुलाकडं गेली, आता तिथंच राहणार, मुलाला फार आनंद झाला. वाक्य मला फारच आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते तोंडातून निघालंच नाही. पांढऱ्या फुलांमध्ये ठेवलेल्या फोटोला भाषांतर लागत नाही. कन्या उशीत तोंड घालून बसली. सौ. कधी येऊन दारात उभी राहिली ते कळलं नाही. आई सरळ पडद्याकडं बघत होती.

‘जेवूनखाऊन, चार माणसांत बोलून गेली,’ ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, ‘मुलगा पोचला का?’

‘पोचला.’

‘आधी की नंतर?’

पट्टीवर काही नव्हतं. ‘नंतर,’ मी म्हणालो.

‘असू दे. झोपेत गेली. तिला कुठं कळलं.’ आणि मालिका चालू असतानाच, ‘सातारा-सांगली किती रे?’

‘सव्वाशे किलोमीटर. अडीच तास.’

‘पेठ नाक्याला गर्दी नसली तर,’ सौ. म्हणाली.

सकाळी मी दाढी करत असताना आई दारात आली. मिरजेच्या डॉक्टरला फोन कर, माप कधी घेतो विचार. मी साबण तसाच ठेवून फोन केला, न जाणो दुपारपर्यंत मत बदलायचं. कवळी झाली, दोनदा घासून आणावी लागली, आणि सांगलीचं भडंग चावता येईपर्यंत ती पास झाली असं मानायला आईनं नकार दिला. राहायची गोष्ट काढल्यावर ती हसली, नव्या दातांनी, आणि शनिवारच्या एसटीत जाऊन बसली. जाताना कन्येला म्हणाली, ‘पुढची बघाल तेव्हा मला सांगा.’

साताऱ्यात टी.व्ही. आहे, कन्या तिला हवी ती मालिका लावून द्यायलाही तयार आहे. पण इंग्रजी कोण वाचणार, आणि आई म्हणते, ‘तू सांगतोस ते बरं असतं. मधेमधे पदरचं घालतोस ना, ते मला कळतं.’ त्यामुळं आता रात्री साडेनऊला मी सांगलीहून फोनवर कोरियन मालिका सांगतो. सध्या एक श्रीमंत मुलगी वादळात उडून थेट उत्तर कोरियात झाडावर पडलेली आहे. हिचा कप्तान फार सभ्य आहे, त्यामुळं तुम्हीवरून तूवर यायला वेळ लागणार. आई आधी ‘जेवलास का?’ विचारते. मी ‘हो’ म्हणतो, ‘तू?’ विचारतो. ती काय काय चावलं त्याची यादी देते.

‘हं, सांग आता,’ मग ती म्हणते. ‘काल ती झाडावरच होती.’